लोखंडेकाका आणि नववी वस्ती

"गाव कुठलं?"

लोखंडेकाकांचं मला उद्देशून हे पहिलं वाक्य. माझ्या एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात किल्ल्या, ऑफिसला उशीर झालेला, आणि आमच्या नाहूरच्या सोसायटीत तळमजल्यावर नुकताच राहायला आलेला हा ठेंगणा माणूस, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवून, जिन्यात वाट अडवून उभा.

"मुलुंड," मी म्हटलं.

"ते स्टेशन झालं. गाव?"

"अहो, माझा जन्मच मुलुंडचा. वडिलांचाही तिथलाच."

"आन् त्यांच्या वडलांचा?"

"ठाण्याचा."

"ते बी स्टेशनच," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे अशा कळवळ्यानं पाहिलं की भर सकाळी मला पोरकं वाटायला लागलं. "असू दे. होतं असं एखाद्याचं. निवांत बसू कधीतरी, शोधून काढू."

माझं गाव त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यांचं गाव मात्र मला तोंडपाठ झालं. बोरदऱ्याला मी अजून पाऊलही टाकलेलं नाही, पण चिंचमळ्याकडे जाणारी पायवाट कुठे फुटते, तळेवस्तीवर कुणाची म्हैस लाथ मारते, टेकवस्तीवरचा वारा कोणत्या महिन्यात पत्रे उडवतो, हे मी तुम्हाला झोपेतून उठून सांगेन. आता काका आणि विमलकाकू गावी राहायला गेलेत. तळमजल्यावर दुसरं कुटुंब आलंय. फार चांगली माणसं आहेत, पण जिन्यात कुणी वाट अडवत नाही आणि मला उगाचच चुकल्यासारखं होतं.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. घाटकोपर ते मुलुंड हा त्यांचा पट्टा. खांबावर चढून आणि खड्ड्यात उतरून त्यांनी उभी नोकरी काढली आणि त्या नोकरीनं त्यांना दोन सवयी दिल्या. एक म्हणजे, कुणी बोलायला लागलं की डावा कान पुढे करून, डोळे मिटून ऐकायचं. दुसरी म्हणजे, समोरचा मध्येच अडखळला की म्हणायचं, "टोन येतोय. बोला." रडणाऱ्या माणसालाही हेच, भांडणाऱ्यालाही हेच. सोसायटीच्या सभेत आमचे सेक्रेटरी एकदा संतापून बोलता बोलता थांबले, तर मागून शांतपणे आवाज आला, "टोन येतोय, बोला." सगळी सभा हसली आणि पाण्याच्या टाकीचं भांडण तिथंच मिटलं.

घरात फोन अजून तोच, जुना, काळा, तबकडीचा. मोबाइल होता, पण तो काकूंकडे. "त्याला वायर नाही," काका म्हणायचे. "वायर नाही तर माणूस कुठवर आहे ते कळणार कसं?"

बोरदरं हे सातारा-सांगलीच्या हद्दीवरचं गाव, पावसानं कायम पाठ फिरवलेलं. मधोमध गावठाण, म्हणजे वेस, देऊळ, शाळा आणि बाजाराचं मैदान. भोवती विखुरलेल्या नऊ वस्त्या. काका त्यातल्या समतानगरचे. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे. पूर्वी ही वस्ती जातीच्या नावानं ओळखली जायची. मग तिचं नाव बदललं. "नाव बदललं, चांगलं झालं," काका सांगायचे. "ओढा तिथंच ऱ्हायला."

मी निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी काका तीन जिने चढून, धापा टाकत माझ्या दारात. हातात कुठल्याशा वर्तमानपत्राचं पान.

"ताई, वाट लागली! गावाचं शहर झालं!"

बोरदऱ्याची नगरपंचायत झाली होती. मी म्हटलं, अहो काका, चांगलंच आहे की, दिवे येतील, गटारं होतील.

"गटारं होऊ द्या. पण वस्त्यांचं काय केलं बघा. प्रभाग एक, प्रभाग दोन! टेकवस्ती म्हणजे प्रभाग चार. उद्या तिथली पोरगी सासरी गेली आणि सासूनं विचारलं, कुठली गं तू, तर काय सांगणार? मी प्रभाग चारची?" ते खुर्चीत बसले, लगेच उठले. "दहा वर्षांत ही नावं पुसली जातील. माझ्या डोळ्यांदेखत. त्याआधी लिहून काढायचं. गावठाण आणि नऊच्या नऊ वस्त्या. कोण राहतं, कुठून आले, पाणी कुठलं पितात, कशाला भितात, कशावर हसतात, सगळं. तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना?"

येत होतं. नाही म्हणायची संधी मला त्या दिवशी मिळाली नाही, पुढेही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लांब, कापडी पुठ्ठ्याची वही आणली आणि पहिल्या पानावर नियम लिहिला. कुठल्याही वस्तीबद्दल त्या वस्तीतल्या माणसानं सांगायचं नाही. दुसऱ्या वस्तीतल्या माणसानं सांगायचं, आणि तेही स्वतः तिथं जाऊन पाहिलेलं, ऐकीव नाही. सांगेल ते तसंच लिहायचं.

मला हा नियम अजब वाटला. टेकवस्तीची माहिती टेकवस्तीवाल्याला नाही तर कुणाला असणार?

"ताई, लाइन कुठं तुटली ते आपल्या टोकाला बसून कळत नाही. पलीकडं माणूस लागतो. त्यानं हॅलो म्हटलं तर लाइन खरी. आपल्या घराचं आपणच सांगितलं तर ते कौतुक."

आता प्रश्न माणसं गाठायचा. बोरदऱ्याची निम्मी माणसं पोटासाठी मुंबईच्या उपनगरांत पसरलेली. काकांनी त्यांना शोधायचा धडाकाच लावला. देवनारला बकऱ्यांच्या बाजारात मेंढकेवस्तीची माणसं येतात असं कळलं, तर वही काखेत मारून गेले आणि बकऱ्यांच्या गर्दीत उकिडवे बसून दुपारपर्यंत लिहीत राहिले. घरी आले तेव्हा काकूंनी त्यांना दारातच उभं केलं. "आधी अंगाचा वास घालवा, मग गाव सांगा."

मालाडला मी त्यांच्याबरोबर होते. कुणी एक बोरदऱ्याचा माणूस तिथं दुकान चालवतो म्हणून गेलो, तर दुकानच बंद. उन्हानं जीव गेलेला. शेजारी एक बाई पोळीभाजी विकत होत्या, तिथं टेकलो. बाईंनी स्वतःसाठी पेला भरला, अर्धा प्यायल्या आणि उरलेलं पाणी मोरीत न टाकता दाराशी डब्यात लावलेल्या तुळशीला घातलं. एवढंच. मी तर पाहिलंही नव्हतं. काका ताडकन उठले.

"बाई, तुम्ही बोरदऱ्याच्या का?"

बाई घाबरल्या. "माळवस्ती माहेर माझं. पण तुम्हाला कसं कळलं?"

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी बाईंना हातच जोडले. मग त्यांनी मला समजावलं, की बोरदऱ्यात पेल्यातलं उरलेलं पाणी कुणी फेकत नाही. जवळ जे झाड असेल त्याच्या मुळाशी घालतात. पाटील असो नाहीतर मजूर. "नऊ वस्त्यांत एवढी एकच गोष्ट सारखी आहे, ताई!" बाईंनी आमच्याकडून पोळीभाजीचे पैसे घेतले नाहीत आणि तासभर तळेवस्तीची, म्हणजे त्यांच्या शेजारच्या वस्तीची, खडान्‌खडा माहिती दिली. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. एक जण वैतागून म्हणाला, "मावशी, भाजी देताय ना?" तर बाई म्हणाल्या, "थांब रे, गावाचं चाललंय."

रविवारी काकांच्या घरी दरबार भरायचा. मला त्यातला सगळ्यात आवडलेला रविवार चिंचमळ्याच्या बाबरांचा आणि तळेवस्तीच्या मान्यांचा. दोघं भांडुपला एकाच गल्लीत राहतात आणि गावच्या एका विहिरीवरून अनेक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. काकांनी दोघांना एकाच वेळी बोलावलं. तेही मुद्दाम, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता.

"बाबर, तुम्ही तळेवस्तीचं सांगा. माने ऐकतील. मग माने चिंचमळ्याचं सांगतील, तुम्ही ऐका. जे सांगाल ते छापून येणार."

बाबर मिशीवर हात फिरवून सरसावले. आता मान्यांची सात पिढ्यांची धुणी निघणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं असावं, की पुढची पाळी मान्यांची आहे.

"विहीर..." ते म्हणाले. "विहिरीचं पाणी... गोडच म्हणायचं."

"टोन येतोय. बोला."

"म्हणजे तसं लईच गोड."

माने ताठ बसले होते, ते जरा सैल झाले. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "चिंचमळ्यात पाव्हणा उपाशी जात नाही, हे कबूल करायला पायजे." मग बाबरांना आठवलं, की मान्यांच्या आईनं त्यांच्या बहिणीचं बाळंतपण केलं होतं. मग मान्यांना आठवलं, की त्यांचा बैल एकदा तळ्यात बुडताना चिंचमळ्यानंच काढला होता. संध्याकाळी दोघं एकाच रिक्षातून भांडुपला गेले. काका दारात उभे राहून हात हलवत होते आणि हसत होते. "झकास! लाइन जोडली गेली बघा."

हे सगळं मी मजेत पाहत होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. विमलकाकू आल्यागेल्याला चहा ठेवायच्या. बरेच जण प्यायचे. काही जण मात्र म्हणायचे, "नको, आत्ताच झालाय." नाहूरला दुपारी तीन वाजता आलेला माणूस, देवनारहून आलेला, मालाडहून आलेला, "आत्ताच झालाय." काका "बरं" म्हणायचे आणि वही उघडायचे. काकू कप आत न्यायच्या. मी इतके दिवस हे मुंबईच्या घाईवर ढकलत होते.

वही भरत आली. टायपिंग उरकत आलं. मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सगळ्या वस्त्यांना एकत्र बोलावून पुस्तक वाटायचं ठरलं. छपाईवाला शेवटच्या पानांसाठी रोज फोन करत होता. मी काकांकडे बसून नववी वस्ती उघडली.

वर ठसठशीत अक्षरात 'समतानगर'. आणि खाली, त्यांच्या त्या लाइनमनच्या काटेकोर अक्षरात, एकाखाली एक अकरा ओळी.

'कधी जाणं झालं नाही. सांगणार, टेकवस्ती.'

'कधी जाणं झालं नाही. सांगणार, माळवस्ती.'

'कधी जाणं झालं नाही. सांगणार, गावठाण.'

अकराही तशाच. पुढचं सगळं पान कोरं.

"काका, हे काय आहे?"

"नोंद."

"अहो, पण तुमचा जन्म तिथला! तुम्ही लिहा ना!"

"ते कौतुक होईल."

"होऊ दे कौतुक! आठ वस्त्यांचं कौतुक वर्षभर टाइप केलंय मी, नववं करायला माझी बोटं झिजणार नाहीत!"

माझा आवाज चढला होता. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मी बी हेच सांगून दमले, ताई. त्यांचा नियम!"

त्याच संध्याकाळी जाधव आला. हा टेकवस्तीचा, मुलुंडला राहणारा, कॉम्प्युटरवाला हुशार मुलगा. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याच्या अंगावर. त्यानं पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पहिली ओळ त्याच्या वडिलांची होती.

"काका, तुम्हीच लिहा ना यार. कोण विचारतंय?"

"तुझ्या टेकवस्तीचं तू लिहितो म्हणालास, तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

जाधव वहीचं पान उगाच मागेपुढे करत राहिला.

"लोकांना वाटलं पायजे का, की लोखंडेनं स्वतःची वस्ती घुसवली?" काका शांतपणे म्हणाले. आवाज चढला नाही, पण बोटं खिशातल्या टेस्टरशी चाळा करत होती. "आम्ही आमचं सांगतच आलोय रे. ते ऐकलंय लोकांनी. मला पलीकडून हॅलो पायजे. एकानं म्हणावं, हो, मी गेलो होतो, मी पाहिलंय. एकच माणूस. नाहीतर पान कोरं जाऊ दे. पण काढायचं नाही. वर नाव राहील, खाली कोरं राहील. तीच माहिती."

मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी उठून मी, जाधवनं कार्यक्रमासाठी केलेल्या बोरदऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, काकांना न विचारता, लिहिलं, 'समतानगरात कुणी कधी गेलं आहे का? घरात बसलं आहे का? आठवत असेल तर लोखंडेकाकांना फोन करावा.' खाली त्यांचा नंबर. सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकलं, त्यावर बत्तीस जणांनी हात जोडले. मी मोबाइल सोफ्यावर आपटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे मुद्रितं तपासत बसले होते. छपाईवाल्यानं दुपारपर्यंतची मुदत दिली होती. काका समोर, काकू भाजी निवडत. आणि काळा फोन खणाणला.

"हॅलो? लोखंडे का?" पलीकडची बाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की मला टेबलापलीकडे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. जुनी माणसं लांबच्या फोनवर ओरडायची ना, तसं. "मी इंदू बोलतेय, घाटकोपरहून. गावठाणातल्या शाळेच्या हेडमास्तरांची मुलगी. नातीनं तुमचा तो निरोप वाचून दाखवला. मी गेलेली आहे!"

"कुठं?" काकांचा आवाज एकदम लहान झाला.

"तुमच्या वस्तीवर. तेव्हा हे नाव नव्हतं. मी असेन नऊ-दहा वर्षांची."

काकांनी वही ओढली. डावा कान रिसिव्हरला, डोळे मिटलेले. मी त्यांच्या हातात पेन दिलं.

"टोन येतोय," ते म्हणाले. "बोला."

आणि इंदूताई बोलल्या. त्यांच्या वर्गात एक पारू होती. दाराशी वेगळी बसायची. दोघींची पाटीवरची पेन्सिल मात्र एकच, तोडून वाटून घेतलेली. एक दिवस शाळा लवकर सुटली आणि इंदू तिच्या मागोमाग ओढा ओलांडून गेली. दार ठेंगणं, वाकून आत जावं लागे. भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली, खाली गेरूचा पट्टा. जातं कोपऱ्यात. चुलीवर हुलग्याचं माडगं शिजत होतं, गूळ घातलेलं.

"तिची आई मला देईना हो," इंदूताई सांगत होत्या. "म्हणाली, 'घरी कळलं तर मारतील, पोरी.' मीच हट्ट धरला. मग जर्मनच्या वाटीत दिलं. इतकं गरम, इतकं गोड! तसं मी पुन्हा कधी खाल्लं नाही. आणि झोळीत एक तान्हं रडत होतं, त्याला मी झोका दिला, तर थांबलंच की ते!"

काकांचं पेन थांबलं होतं. मग पुन्हा चालायला लागलं.

"घरी कळलं. आजीनं आडावर नेऊन कपड्यांसकट आंघोळ घातली. थंडीचे दिवस. आणि वदवून घेतलं, पुन्हा जाणार नाही म्हण. मी म्हटलं. आणि गेले नाही. सत्तर वर्षं झाली, मी गेले नाही." मग त्या घाईनं म्हणाल्या, "हे लिहा तुम्ही. माझं नाव घालून लिहा. आणि दारात कडुलिंब होता मोठा, तोही लिहा."

"लिंब कुठला?" काकू भाजी टाकून पुटपुटल्या. त्या त्याच घरात सून म्हणून आल्या होत्या. "हिवर होता!"

काकांनी डोळे न उघडता हात वर करून त्यांना गप्प केलं आणि वहीत लिहिलं, 'दारात मोठा कडुलिंब.'

"तुम्ही पारूचे कोण?" पलीकडून प्रश्न आला. "आहे कुठं ती?"

"पारूअक्का गेली, ताई. लई वर्षं झाली." काका थांबले. "मी तिचा धाकटा भाऊ. झोळीत होतो तो मीच."

पलीकडे काहीच नाही. खरखर नाही, श्वास नाही. काकू पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मुद्रितांवर पडू नये म्हणून मी कागद लांब धरले होते.

"हॅलो?" काका म्हणाले. सगळ्या जन्मात लोकांना जे सांगितलं ते त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. "टोन येतोय का?"

"येतोय रे," इंदूताई म्हणाल्या. "येतोय."

पान दुपारी छपाईला गेलं. मी म्हटलं होतं, त्या अकरा ओळीही छापा, कळू दे लोकांना. काकांनी त्या स्वतः कापल्या. "त्यांनी खरं सांगितलं, ताई. खोटं बोलता आलं असतं. खरं सांगणाऱ्याला कशाला चारचौघांत लाजवायचं?" या एका बाबतीत माझं आणि त्यांचं अजून पटलेलं नाही.

रविवारी मुलुंडच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मालाडच्या पोळीभाजीवाल्या बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. देवनारहून मेंढकेवस्तीची माणसं फेटे बांधून आली. बाबर आणि माने शेजारी बसून कुणाबद्दल तरी कुजबुजत होते. काका मांडीवर वही घेऊन पहिल्या रांगेत, ताठ, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. ती वही त्यांनी वर्षभर नजरेआड केलेली मी पाहिली नव्हती. जेवतानाही ती मांडीवर असायची.

एकेका वस्तीचं पान वाचलं जात होतं. तळेवस्तीच्या पाण्याला टाळ्या, चिंचमळ्याच्या पाहुणचाराला शिट्ट्या. शेवटी जाधव उभा राहिला. समतानगरचं पान त्यानं मागून घेतलं होतं. पहिल्या दोन ओळी त्यानं घाईघाईत वाचल्या, मग सावरला. ठेंगणं दार, पांढरी भिंत, जर्मनची वाटी, झोळी, आडावरची आंघोळ. बाबरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचल्याच नाहीत. मग मागून जाधवचे वडील उठले आणि काकांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोपानराव, गावी गेलो की मी येणार. बोलावणं नको मला." त्यांच्यामागोमाग आणखी कुणी, आणखी कुणी. आणि मग जो गलका झाला, तो आवरायला सूत्रसंचालकाला माइक सोडून ओरडावं लागलं.

त्या गलक्यात दारातून वॉकर टेकत, नातीचा हात धरून, एक गोरी, वाळकी, पांढऱ्या केसांची बाई आत आली. घाटकोपरहून निघायला उशीर झाला होता. काका उठले. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. काकांनी खुर्चीखालची आपली बाटली घेतली आणि पेल्यात पाणी ओतून त्यांच्यापुढे धरलं. इंदूताई अर्धा पेला प्यायल्या. मग त्यांनी पेला हातात धरून इकडंतिकडं पाहिलं. काय शोधताहेत ते नातीला कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी बोट दाखवलं. खिडकीशी एका कुंडीत धुळीनं माखलेलं क्रोटन होतं. दोघं हळूहळू तिथवर गेली आणि इंदूताईंनी उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी घातलं.

"आता घरी चला," काका म्हणाले. "नाहूर जवळच आहे. विमलनं माडगं टाकलंय सकाळपासून." आणि मग, ते नेहमी जिन्यात वाट अडवताना हसायचे तसं मिश्कील हसून, "पण घरी कळलं तर मारतील, पोरी."

"कळू दे!" इंदूताई म्हणाल्या. अजून त्या लांबच्या फोनवर बोलल्यासारख्याच मोठ्यानं बोलत होत्या. "आता मला आंघोळ घालणारं कुणी उरलं नाही."

दोघं हसली. शाळेच्या फाटकापाशी रिक्षा आली. काकांनी वॉकर दुमडून आत घेतला, नातीला पुढे बसवावं की मागे यावर रिक्षावाल्याशी हुज्जत घातली आणि अखेर तिघं दाटीवाटीनं मागे बसली. वळणावर काकांचा हात बाहेर आला, मला टाटा करणारा, रिकामा.

मी हॉलमध्ये परत आले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर वही तशीच पडली होती. काका ती विसरून गेले होते.